खांबावरची भाची

मावशीच्या घरी मी भात कालवत होते आणि बाहेर रस्त्यावरून मीच बोलायला लागले. हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगावं, मला अजून कळलेलं नाही. तोंडात घास होता, ओठ मिटलेले होते, आणि समाजमंदिराजवळच्या खांबावरून, तलावाच्या पाळीपर्यंत जाईल अशा आवाजात मी सांगत होते, "सावधान. गावाच्या परिसरात वाघ आला आहे. कृपया कोणीही घराबाहेर पडू नये."

तीनदा. तिन्ही वेळा 'कृपया'च्या आधी तोच बारीक थांबा. तिथे मी श्वास घेतला होता.

मावशी चुलीपासून उठली, दारात गेली आणि खांबाकडे तोंड करून म्हणाली, "हो बाई, आयकलं. नाई पडत कोनी भाईर." मग आत येऊन माझ्या ताटात वरण वाढलं. "जेव. थंडं होऊन राह्यलं."

भिंतीपलीकडून तिची जाऊ ओरडली, "तुमची भाची लय बोलते वो! घरी आली तं तोंडातून शब्द नाई निंघत, अन् खांबावर चढली का साऱ्या गावाले दम देते."

"तिचं कामच हाय ते," मावशी म्हणाली.

ते माझं काम नव्हतं. माझं काम चंद्रपूरला एका मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर आहे. जंगलाच्या कडेला झाडांवर आणि खांबांवर कॅमेरे बसवलेत, त्यांचे फोटो आमच्याकडे येतात. फोटोत काय आहे ते मशीन आधी ओळखतं आणि आम्ही मुली ते तपासतो. वाघ, बिबट, अस्वल, डुक्कर, बैल, कुत्रा, माणूस. चूक असेल तर भोवती चौकट काढून बरोबर नाव द्यायचं. मशीन त्यातून शिकतं म्हणतात. वाघ दिसला की त्या गावच्या खांबावर भोंगा वाजतो. दिवसभर कानात हेडफोन घालून बसलं तरी कुणी काही विचारत नाही, म्हणून मला ते काम आवडलं होतं. माणसांच्या बाबतीत मशीन बराच काळ चुकायचं. उभा माणूस त्याला कळायचा. वाकलेली बाई कळायची नाही. मोहफुलं वेचणाऱ्या, सरपण बांधणाऱ्या बायांना ते जनावर म्हणायचं. आम्ही दुरुस्त करत राहायचो.

आधी भोंग्यावर नुसता सायरन होता. गावांत सायरनला कुणी भीक घालेना, लग्नाच्या वरातीत वाजतो तसलाच वाटायचा. मग माणसाचा आवाज घालायचं ठरलं. ऑफिसातल्या दोघातिघांनी करून पाहिलं. एकाला हसू आवरेना, दुसरीला 'परिसर' नीट म्हणता येईना. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचा घ्या. हिच्या मराठीला गाव नाही."

त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. मी कॉन्व्हेंटात शिकले. घरी 'मले-तुले' निघालं की बाबा घास हातात धरून थांबायचे, मी शब्द बदलेपर्यंत. त्यामुळे माझी मराठी पाठ्यपुस्तकातली आहे, आणि तीही मी कमीच वापरते.

सामानाच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवल्या, पंखा बंद केला. पहिल्या काही वेळा माझा आवाज माझ्याच गळ्यापर्यंत पोचत नव्हता. रेकॉर्डिंगवाला वैतागला, पण माणूस बरा होता. म्हणाला, "मॅडम, असं धरा, तुमचं कुणीतरी दूर बांधावर उभं आहे, पाठ करून. त्याला माहीत नाही."

मी मावशी धरली. आईची ही मोठी बहीण, मला लहानपणी तिच्याकडेच ठेवत. तिची पाठ, वाकलेली, डोक्यावर पदर. मग ते वाक्य निघालं. इतक्या मोठ्यानं मी आधी कधी बोलले नव्हते. हेडफोनवर ऐकवलं तेव्हा मला ती बाई ओळखू आली नाही.

आता ती बाई वैनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कितीतरी गावांत उभी होती. मी झोपले असताना बोलत होती.

मावशीला मी समजावलं. पुन्हा पुन्हा समजावलं. एकदाच बोलले होते, ते भरून ठेवलंय, वाघ दिसला की मशीन आपोआप लावतं, मी तिथे नसते. लहान मुलाचं ऐकावं तसं ती मान हलवत ऐकायची. मग म्हणायची, "पोळ्याच्या सांजेले किती घाईनं बोलली तू! मले समजलं, तू भेली म्हनून." किंवा फोनवर, "काल आवाज बसला होता तुझा. दवा घेतली काय?"

"मावशी, तेच आहे ते. रोज तेच. अक्षर बदलत नाही."

"अक्षर नाई बदलत. तू बदलते ना."

तिची तक्रार एकच होती. त्यांच्याकडे जंगलाच्या जवळ वाघाचं नाव घेत नाहीत. 'मोठा' म्हणतात, नाहीतर नुसतं 'तो'. नाव घेतलं की त्याला वाटतं बोलावलं. "तू तं खांबावरून, साऱ्या जंगलाले आयकू जाईन असं नाव घेते. मोठा म्हन ना."

"मला बदलता येत नाही ते."

"काऊन? तोंड तुझंच हाय ना?"

जाऊ भिंतीपलीकडून हसायची.

एवढंच असतं तर मीही हसले असते. पण खांबानं गावात आणखी एक गोष्ट बदलली होती, ती मला उशिरा दिसली. पूर्वी मोहाच्या दिवसांत साऱ्या बाया मिळून निघायच्या. उजाडता उजाडता एकीच्या दारात जमायच्या, सगळ्यात हळू चालणारीसाठी थांबायच्या, आणि ती हळू चालणारी माझी मावशीच असायची, तिच्या गुडघ्यांमुळे. झाडाखाली पांगल्या तरी सारख्या एकमेकींना हाका. मी लहान असताना मला वाटायचं मोहफुलं वेचणं हे ओरडण्याचंच काम आहे. खांब आल्यावर हे थांबलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. तो आला तर खांब बोलेलच, मग थांबायचं कशाला? जी आधी पोचेल तिला ताजी फुलं, उशिरा जाईल तिच्याआधी गुरं आणि हरणं. ज्या त्या बाईनं आपल्या वेळी निघायचं, आपलं झाड गाठायचं, आणि कान गावाकडे ठेवून मुकाट्यानं वेचायचं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या स्क्रीनवर एक फोटो आला. पहाटेचा, राखाडी. मशीननं खाली 'अनोळखी प्राणी' लिहिलं होतं. झाडाखाली वाकलेलं काहीतरी. मी मोठा करून पाहिला. मान न वळवता सगळं अंग वळवायची मावशीची पद्धत मला चित्रातही ओळखू आली. पुढच्या फोटोत ती सरळ उभी होती, कमरेवर हात, तोंड कॅमेऱ्याकडे, आणि तोंड उघडं. ती माझ्याशी बोलत होती. तिच्या मागे, बाजूला, दूरवर कुणीही नव्हतं.

मी चौकट काढली. यादीतून 'माणूस' निवडलं. पुढचा फोटो आला, त्यात बैल होता.

त्याच आठवड्यात मी सुट्टी काढून गेले. गडचिरोलीपर्यंत एसटी, पुढे काळी-पिवळी जीप. मावशी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. त्या गोड, आंबूस वासानं माझं डोकं दुखतं, तरी मी तिथेच बसले.

"मावशी, तू एकटी जातेस."

"एकटी कुठी? तू असते ना."

"मी नसते."

"पाह्यलं नाई काय तू मले? मी तुले म्हटलं नाई काय त्या झाडाखालून, जेवत जाय नीट, म्हनून?"

मी फोटोत तिला पाहिलं होतं. त्याला नाही म्हणता येईना. आणि एकदा हो म्हटल्यावर पुढचं सगळं तिच्याच बाजूनं झालं. मी सांगितलं की कॅमेरे तलावाच्या बाजूला आहेत, नाल्याच्या बाजूला एकही नाही. आभाळ आलं तर बॅटरी उतरते. मशीन चुकतं. मी न बोलण्याचा अर्थ वाघ जवळ नाही असा होत नाही.

"मंग कसा होते?"

"काहीच होत नाही. मी नुसती बोलले नाही, एवढंच."

मावशीनं हातातली फुलं सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. "तो हाय अन् तू पाहून चूप बसशीन? मले मरू देशीन?"

"तसं नाही."

"मंग झालं. तू चूप, म्हनजे वाट मोकळी."

पलीकडून जाऊ म्हणाली, "जाऊ द्या वो, शहरातल्या पोरीले भेव वाट्टे. जंगल तिनं टीव्हीवरच पाह्यलं." पण तिच्या आवाजात नेहमीचं हसू नव्हतं. थोड्या वेळानं ती स्वतःच आमच्या अंगणात येऊन बसली आणि फुलांतला कचरा निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास मावशी टोपली घेऊन दारात उभी राहिली. खांबाकडे पाहत ऐकत होती. मी तिच्या मागे चपला घालत होते.

"बोलली नाई तू," ती म्हणाली. "चाल."

"मी इथे उभी आहे, मावशी."

"ते दिसते मले. तिथली तू नाई बोलली."

तलावाकडची झाडं आदल्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी वेचली होती, म्हणून ती नाल्याकडे निघाली. मी नको म्हटलं. ती ऐकण्यातली नव्हती. नाल्याला पाणी नव्हतं, ओलसर रेती होती. पलीकडे तिची दोन झाडं. पहिल्याखाली तिनं मला बसवलं आणि दुसऱ्याकडे गेली. मध्ये नाल्याचं वळण आणि करवंदीची जाळी. तिचा पदर जाळीआड गेला आणि मग दिसला नाही.

मी वेचत होते. फुलं थंड आणि चिकट होती. वरून आणखी पडत होती, एकेक, मऊ आवाज करत. पूर्वीच्या सकाळी मला असा आवाज ऐकू आल्याचं आठवत नव्हतं. इतकं शांत तेव्हा कधी नसायचंच.

मग माकडं खोकल्यासारखं ओरडली. नाल्याच्या खालच्या अंगाला. एक, मग सगळी. आणि एकदम थांबली.

मी गावाकडे कान दिला. मी वाट पाहत होते, हे मला नंतर कळलं. मावशीला इतकं समजावून, मीही खांब बोलायची वाट पाहत होते. तो बोलला नाही.

मी हाक मारली. "मावशी." एकदाच, माझ्या नेहमीच्या आवाजात. जाळीपलीकडून काही आलं नाही. ना ओ, ना पाचोळ्याचा आवाज. पुन्हा 'मावशी' म्हणायला गेले तर नुसती हवा निघाली. शाळेत तास चालू असताना उभं केलं की व्हायचं तसं. शब्द माहीत असतो आणि तो येत नाही.

तेव्हा दुसरंच काहीतरी आलं. ते मी निवडलं नाही. माझ्या गळ्याला मोठ्यानं बोलण्याची एकच वाट ठाऊक होती.

"सावधान," मी ओरडले. "गावाच्या परिसरात वाघ आला आहे. कृपया कोणीही घराबाहेर पडू नये."

'कृपया'च्या आधी मी थांबले. तिथेच. मग पुन्हा तेच वाक्य, आणि पुन्हा. त्या झाडांत तो आवाज माझ्या तोंडातून येत होता आणि तरी मला तो मागून, गावाकडून येतोय असं वाटत होतं.

"हो बाई!" जाळीपलीकडून मावशी ओरडली. "आली, आली!"

ती आली ती टोपली छातीशी धरून, गावाच्या दिशेला पाहत. मला ओलांडून पुढे जायला लागली. मी तिचा हात धरला तेव्हा ती थांबली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. झोपलेल्या माणसाला हलवून उठवल्यावर तो आधी आपल्याला ओळखत नाही, तसं काहीतरी.

"तू इथून बोलली?"

मी मान हलवली.

"मंग तिथून काऊन नाई बोलली?"

आम्ही परत निघालो. नाल्याच्या रेतीत येतानाची आमची पावलं होती, तिची फताडी आणि माझी चपलेची. त्यांच्यावर त्याची होती. माझ्या एका ठशाच्या आत त्याचा पंजा बरोबर बसला होता आणि कडेची रेती अजून आत ढासळत होती.

मावशी ते बघत उभी राहिली. मी तिला ओढत गावापर्यंत आणलं.

घरी आल्यावर विचारलं, की माझ्या पहिल्या हाकेला ओ का दिली नाही.

"तूच होती काय ते?" ती म्हणाली. "एका हाकेले ओ नाई देत जंगलात. एकदाच हाक मारते ते मानूस नसते. मानूस दोनदा-तीनदा मारते." मग पायावर पाणी घेता घेता, "खांब तीनदा बोलते. म्हनून तं मी..." ते वाक्य तिनं तिथेच सोडलं.

रेतीतले ठसे दुपारपर्यंत सगळ्या बायांनी पाहून घेतले. खांब त्या दिवशी बोललाच नव्हता, हेही सगळ्यांना माहीत होतं. जाऊ घरोघर जाऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या दारात सगळ्या जमल्या आणि तिची टोपली सापडेपर्यंत उभ्या राहिल्या. मी एसटीनं परत गेले. मला हवं होतं ते झालं होतं. ऑफिसात नाल्याकडे कॅमेरा नसल्याचं सांगितलं, साहेबांनी वर कळवतो म्हटलं. माझी चौकटी काढायची जागा तीच होती.

मोह संपला, तेंदूपत्ता सुरू झाला. मी फोन करत होते. सुरुवातीला मला वाटलं तिला नीट ऐकू येत नाही. मी 'मावशी' म्हटलं की पलीकडे नुसता श्वास यायचा.

"मावशी, मी बोलतेय."

"कोन मी?"

मग एकदा तिनं विचारलं, "माझ्या डाव्या हातावर काय गोंदलं हाय, सांग." मी हसत सांगितलं, विंचू, आणि त्याच्या नांगीचा एक ठिपका पुसट आहे. "हां," ती म्हणाली आणि मग नेहमीसारखी बोलू लागली. पुढच्या वेळी विचारलं, लहानपणी मी तिच्या घरी काय गिळलं होतं. चिंचोका. त्याच्या पुढच्या वेळी, तिच्या मेलेल्या म्हशीचं कोणतं शिंग मोडकं होतं. मी आठवून आठवून सांगायचे. पहिल्यांदा गंमत वाटली. नंतर फोन लावायच्या आधी मी त्या घरातली एकेक वस्तू डोळ्यांसमोर आणून ठेवू लागले, परीक्षेला बसावं तशी.

खांब अजून आहे. तो बोलतो तेव्हा ती आता दारात जात नाही, असं जावेनं मला सांगितलं. आतूनच काहीतरी पुटपुटते. काय, ते जावेला ऐकू येत नाही.

परवा मी सकाळी फोन लावला. ह्या वर्षीचा मोह आता सुरू झालाय. श्वास ऐकू आला. "मी बोलतेय, मावशी," मी म्हटलं आणि प्रश्नाची वाट पाहिली.

"काल सांजेले मी तुले काय सांगतलं?"

आदल्या दिवशी मी फोन केला नव्हता. "काल आपण बोललो नाही, मावशी."

"बोललो. तू बोलली, मंग मी बोलली."

मला कळलं ती कधीचं म्हणतेय. आदल्या संध्याकाळी त्या बाजूच्या कॅमेऱ्यात वाघ आला होता, तो फोटो मीच तपासला होता. खांब तीनदा बोलला असणार, आणि तिनं आतून त्याला काहीतरी सांगितलं असणार. ते मला माहीत असायला हवं होतं. मी काहीतरी शोधत राहिले. जेवत जाय नीट? दवा घेतली काय? अंदाजानं सांगून बघावं असं एक क्षण वाटलं, पण चुकीचं उत्तर दिलं तर मग काहीच उरणार नाही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

पलीकडे अंगणात बाया जमल्या होत्या. जाऊ मोठ्यानं ओरडत होती, "चाला वो बाई, ऊन चढून राह्यलं!" आणखी दोघीतिघी हसत होत्या, कुणाच्यातरी टोपलीवरून भांडत होत्या.

"हो, आली वो!" मावशी त्यांना म्हणाली. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, पूर्वीचा, रागीट आणि खुशीतला.

मग ती फोनजवळ आली आणि परक्या माणसाशी बोलावं तसं हळू, अदबीनं म्हणाली, "ठेवा बाई तुम्ही आता."